ताईची नेमणूक

भावंडांतल्या मधल्याने ताईला मैलापाण्याच्या यंत्रावर नेमलं आणि उशीला टेकून समाधानाने चहाचा घोट घेतला. टीव्हीच्या पडद्यावर एक ठेंगणी आकृती पांढऱ्या घुमटातून बाहेर पडली, बोळातून तुरुतुरु चालत गेली आणि एका निळ्या टाकीशेजारी उभी राहून चाक फिरवू लागली. वसाहतीतल्या पाण्याचा आकडा सकाळपासून लाल होता. तो हळूहळू हिरवा झाला.

"शाब्बास, ताई," तो पडद्याला म्हणाला.

त्याचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि समोर स्टुलावर ठेवलेला होता. मोडला तोही स्टुलावरून पडूनच, दुकानातल्या वरच्या फळीवरची फ्रेमची पेटी काढताना. चष्म्यांचं दुकान तळमजल्यावर, घर त्याच्या डोक्यावर आणि मधे जिना; तो जिना डॉक्टरांनी त्याला बंद केला होता. सुरुवातीला त्याने वर बसून फोनवरून दुकान चालवायचा प्रयत्न केला. बायको खाली गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असायची, तोच काउंटरवरचा फोन वाजायचा.

"कुठली दाखवतेयस? ती नको. रुंद नाकाला ती टोचते."

शेवटी बायकोने परगावी शिकणाऱ्या लेकीला निरोप धाडला की बाबांना कशात तरी गुंतव, नाहीतर मी त्यांचा दुसरा पायही मोडेन. लेक सुट्टीला आली, तिने टीव्हीला लॅपटॉप जोडला, त्यात हा खेळ घातला, भाषा मराठी करून दिली आणि निघून गेली.

खेळ साधा होता. लांबच्या एका उजाड, तांबूस ग्रहावर माणसं उतरवायची आणि ती जगवायची. पृथ्वीवरून यान येतं ते एकदाच. त्यानंतर तिकडून टाचणीसुद्धा येत नाही. हवा, पाणी, अन्न, वीज सगळं तिथेच तयार करायचं आणि वापरून झालं की पुन्हा वापरायजोगं करायचं. काही टाकून द्यायची सोय नाही, कारण टाकणार कुठे? मधल्याला हे एकदम पटलं. दुकानात तुटलेल्या दांड्यांचे स्क्रूसुद्धा तो औषधाच्या बाटलीत साठवून ठेवत असे.

अडचण एकच होती. उतरलेल्या माणसांची नावं त्याला उच्चारता येत नव्हती, त्यामुळे लक्षातही राहत नव्हती. एकदा त्याने विहीर खणणाऱ्या माणसाला चुकून स्वयंपाकघरात पाठवलं, तेव्हा पडद्यावर पाटी आली, 'तुमची लोकसंख्या पोटाने नाराज आहे.' खेळाचं मराठी हे असं, यंत्राने केलेलं होतं. मग त्याला युक्ती सुचली. नावं बदलायची सोय होती आणि प्रत्येकाच्या चित्राखाली त्याचे गुणही लिहिलेले होते. एकीच्या खाली होतं: 'शिस्त, अतिशय. चिकाटी, अतिशय. इतरांचे ऐकणे, उपलब्ध नाही.' क्षणभरही विचार न करता त्याने तिथे 'ताई' लिहिलं. 'झोप प्रिय, वाद टाळतो' असं ज्याच्या खाली होतं ते आपोआप ताईचे यजमान, म्हणजे भावोजी झाले. सतत कुणाशी ना कुणाशी बोलत असलेली स्वयंपाकीण आत्या झाली. विजेचा कारभार त्याने बायकोच्या नावे केला.

"कारण ती बंद पडली तर सगळंच बंद पडतं," जेवायला वर आलेल्या बायकोला त्याने सांगितलं.

"खुशामत पुरे," बायको म्हणाली. मग तिने पडद्याकडे नीट पाहिलं. "आणि हे काय? ताईंना तुम्ही गटारावर बसवलंय?"

"गटार नाही गं. शुद्धीकरण. सगळ्यात जबाबदारीचं काम आहे."

बायको भिंतीला धरून हसली. हसण्यावरच भागलं असतं तर बरं होतं. पण संध्याकाळी आत्याचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडून ते निघून गेलं. आत्याला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. रात्रीपर्यंत सगळ्या नातलगांना कळलं की आपल्यातली काही माणसं दुसऱ्या ग्रहावर नेण्यात आलेली आहेत आणि काही नेलेली नाहीत. एका मावसभावाने विचारलं, आमच्या घरातलं एकही माणूस का नाही, आम्ही काय वाईट केलंय? आत्याने स्वतः फोन करून नाराजी नोंदवली.

"एवढं आकाशात नेलंस रे बाबा, आणि तिथेही मला चुलीपाशीच उभं केलंस?"

ताईचा मात्र फोन आला नाही. मधल्याने त्यावरून ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः आली. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून तिने सारी नोकरी केली होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी खोलीत शिरताना ती अजून आधी कोपरे बघायची. मागून भावोजी आले, सवयीने सर्वांत मऊ खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"पाय कसा आहे?" ताईने विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती पडद्यासमोर उभी राहिली. "दाखव. कुठे बसवलंयस मला?"

मधल्याने दाखवलं. निळ्या टाकीपाशी ठेंगणी ताई चाक फिरवत होती.

"मी अशी दिसते?"

"सगळे तसेच दिसतात गं. तो खेळ आहे."

"गटारावर."

"ताई, ऐक तरी. तिकडे थेंबभर पाणी बाहेरून येत नाही. जे आहे तेच पुन्हा पुन्हा शुद्ध करायचं. ते काम बिघडलं तर दोन दिवसांत सगळे खलास. म्हणून मी सगळ्यात भरवशाचं माणूस—"

"भरवशाचं माणूस प्रमुख असतं. गटारावर नसतं." नाकाला मिरच्या झोंबलेल्या होत्या, पण डोळे पडद्यावरून हलत नव्हते. "आणि ही झोपायची खोली आहे? पलंग दाराच्या इतके जवळ? येणारा-जाणारा माणूस झोपलेल्यांच्या अंगावर पडेल. सरकव ते."

"ताई, ते तसंच—"

"सरकव म्हणते ना."

मधल्याने पलंग सरकवले. मग ताईला स्वयंपाकघराची जागा खटकली. मग तिला दिसलं की काही माणसं कामाच्या वेळेला कारंज्याशी उभी राहून गप्पा मारत आहेत. पाच वाजता भावोजींना हलवून उठवावं लागलं. जाताना ती दारात म्हणाली, "उद्या लवकर येते. तुझ्याच्याने हे होणार नाही."

ती रोज येऊ लागली. आधी मागे उभी राहून सांगायची, मग शेजारी बसून, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माऊस तिच्या हातात गेला. तिने ग्रहावर वेळापत्रक लावलं. दिवे किती वाजता मालवायचे ते ठरलं. करमणुकीचा हॉल दिवसा बंद. कारंजं बंद, कारण त्याच्यामुळे माणसं रेंगाळतात. अन्न थोडं वाढलं, वीज थोडी वाचली आणि ताईची मान ताठ झाली. मग पाट्या यायला लागल्या.

'तुमची लोकसंख्या आतून सुकत आहे.'

'आत्या यांचे मनोबल तुटले. आत्या यांनी स्वयंपाक सोडला.'

दुसरी पाटी मधल्याच्या बायकोने फोनवर वाचून दाखवली तेव्हा खऱ्या आत्याने पलीकडून टाळ्या वाजवल्या. मग तिसरी आली.

'भावोजी यांनी वेगळ्या झोपण्याची मागणी दाखल केली आहे.'

ताईने सावकाश मान वळवली. खुर्चीतल्या भावोजींनी एक डोळा उघडला.

"मी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "मी इथे बसलोय."

"म्हणजे मनात असेल."

"मनात असतं तर मी तिकडे जाऊन कशाला सांगेन?"

ताईने मागणी नामंजूर केली. पण थोड्या वेळाने, कुणाचं लक्ष नाही असं बघून, कारंजं चालू केलं. मधल्याने ते पाहिलं आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. खरं तर त्याला आता ताई येण्याची वाट बघायची सवय लागली होती. आई गेल्यापासून ती अशी निवांत कधी त्याच्याकडे येऊन बसली नव्हती. यायची, चौकशी करायची, काहीतरी नीटनेटकं करायची आणि निघून जायची.

वादळ आलं ते एका दुपारी, चहाच्या वेळी. पडद्याच्या डाव्या कडेने तांबडी धूळ आत सरकली आणि उन्हापासून वीज करणाऱ्या काचा एकेक करून झाकल्या गेल्या. विजेचा आकडा घसरायला लागला.

"आता?" मधला उठून बसला.

"आता काय? काटकसर," ताई म्हणाली. असल्या प्रसंगांसाठीच तिचा जन्म होता. तिने करमणुकीचा हॉल रात्रीचाही बंद केला, बागेतले निम्मे दिवे घालवले, आत्याची मोठी भट्टी विझवली. तरी आकडा खालीच येत होता. तिने नकाशा लहान केला, आणखी लहान केला, आणि उत्तरेच्या टोकाला तिला एक सुटा, बारीक ठिपका दिसला.

"हे काय आहे?"

"ते होय? ते हवामानाचं केंद्र," मधला म्हणाला. "राहू दे ते."

"एकटा माणूस बसलाय आणि केवढी वीज खातोय! बंद कर."

"अगं पण वादळाची सूचना तिकडूनच—"

"वादळ आलंय हे मला इथूनच दिसतंय. त्याला केंद्र कशाला हवं?" तिने बटण दाबलं. पाटी आली, 'केंद्र बंद केल्यास तेथील व्यक्ती गमावली जाईल. पुढे जायचे?'

ताईचं बोट थांबलं.

"व्यक्ती कोण आहे?"

"कुणी नाही. असंच एक नाव दिलंय."

"कुठलं?"

मधल्याने चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. ताईने ठिपक्यावर माऊस नेला आणि चित्र उघडलं. हेल्मेट घातलेला एक बुटका माणूस, आणि त्याखाली लिहिलेलं:

'शेपूट. काम, हवामान. मनःस्थिती, सहन करण्याजोगी. शेवटचा संवाद, उपलब्ध नाही.'

त्या नावाचा माणूस जगात एकच होता. तिघा भावंडांतला धाकटा. तो चालायला लागला तेव्हापासून ताईच्या फ्रॉकचा पट्टा धरून तिच्या मागे फिरायचा. शाळेच्या फाटकापर्यंत, मैत्रिणीकडे, दुकानात. मैत्रिणी हसायच्या, आलं बघ तुझं शेपूट. तेच नाव पडलं, आणि ताईशिवाय दुसऱ्या कुणी त्याला त्या नावाने हाक मारलेली त्याला खपायची नाही.

आईच्या शेवटच्या दुखण्यात तो फिरकला नव्हता. आई ताईच्या घरी होती. सगळं ताईनेच केलं. त्याने एकदाच येऊन दारातून बघितलं होतं आणि माझ्याने बघवत नाही म्हणून परत गेला होता. मग आला तो एकदम सगळं आटोपल्यावर. तेव्हा भरल्या घरात ताई त्याला म्हणाली होती, "आता कशाला आलास? आता बघवतंय का?" तो पाणीही न पिता निघून गेला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेली नव्हती आणि ताईसमोर त्याचा विषय कुणी काढत नव्हतं. मधला त्याच्याशी बोलायचा, पण दुकानातून, बेताने.

ताईने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. मधल्याचा धंदाच तो. काचा स्वच्छ होत्या हे त्याला लांबूनही दिसत होतं.

"तिथे का ठेवलंस त्याला?" तिने विचारलं.

"इथे ठेवला असता तर तुझ्या नजरेला पडला असता."

"तू मला न विचारता मला गटारावर बसवलंस तेव्हा माझ्या नजरेची काळजी नव्हती वाटतं."

"तू रोज येऊन बसशील हे मला काय माहीत?"

ताईने चष्मा चढवला. "जेवणाचं काय करतो तिथे?"

"डबाबंद. एकदम नेऊन ठेवलेलं आहे."

"म्हणजे गरम काही नाही."

"नाही."

"त्याला आत आण," ताई म्हणाली.

मधला तिच्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? गाडी आहे ना तिथे? गाडीने आण."

गाडी होती, पण तिला वीज लागत होती, आणि आत पलंग नव्हता. खेळाने तसं स्पष्ट सांगितलं, 'नवीन व्यक्तीस आडवे होण्यास जागा नाही.'

"ह्यांना हॉलमध्ये टाक," ताई म्हणाली.

"चालेल," भावोजी डोळे न उघडता म्हणाले.

"आणि वीज?"

"माझं यंत्र बंद कर."

"अगं ताई, पाणी! सगळ्यांच्या अंघोळी—"

"एक दिवस अंघोळ नाही केली तर कुणी मरत नाही." हे वाक्य रेक्टर असताना कुठल्याही मुलीने तिच्यासमोर उच्चारलं असतं तर त्या मुलीची धडगत नव्हती.

निळ्या टाकीपाशी उभी असलेली ठेंगणी ताई चाक सोडून बाजूला झाली. उत्तरेच्या टोकाला बारीक दिवा लागला आणि धुळीतून खाली सरकू लागला. गाडी फार हळू चालत होती. मधेच धूळ इतकी दाट व्हायची की दिवा दिसेनासा व्हायचा आणि ताई खुर्चीच्या कडेला यायची. दिवा पुन्हा दिसला की मागे टेकायची.

"डावीकडे खड्डा आहे," ती पडद्याला म्हणाली. "बघ, बघ. सरळ खड्ड्याकडेच. लहानपणापासून हे असंच आहे. समोर बघून चालेल तर शपथ."

दुकान बंद करून मधल्याची बायको वर आली. तिने पडद्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "शेपूट कोण?"

भावोजींनी तोंडावर बोट ठेवलं. झोपेत नव्हते ते; कधीच नव्हते बहुतेक. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि तीही किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसली. चौघं जण एका ठिपक्याकडे बघत राहिले. ताईच्या चहावर साय धरली. विजेचा आकडा अगदी तळाला आला होता, तेवढ्यात गाडी घुमटाला येऊन लागली.

बुटका माणूस आत आला. हेल्मेट उतरवलं आणि हॉलच्या मधोमध उभा राहिला. पलंगाकडे गेला नाही, कुठेच गेला नाही.

"आता काय झालं?" ताईने विचारलं.

"त्याला कळत नाही कुठे जायचं ते. नेमणूक द्यावी लागते."

"आज काही काम देऊ नकोस. राहू दे उभा."

यंत्र बंद म्हणून ठेंगणी ताई रिकामीच होती. ती आपल्या आपण बोळातून तुरुतुरु चालत हॉलमध्ये आली आणि त्याच्यासमोर थांबली. दोघांच्या डोक्यावर दोन पांढरे फुगे उमटले. खाली पाटी आली, 'ताई आणि शेपूट यांच्यात संवाद सुरू झाला.'

ताई पुढे वाकली. "काय बोलतायत?"

"ते दाखवत नाहीत."

"का?"

"खेळच तसा आहे. नुसतं बोलतायत एवढंच कळतं."

"मग मी काय बोलले ते मला कसं कळणार?"

फुगे बराच वेळ तसेच होते. मग ताईने पर्स उचलली, भावोजींना खूण केली आणि दारात चपला घालताना मधल्याला म्हणाली, "बंद करून ठेव ते. वादळ जाईपर्यंत कशाला हात लावू नकोस." रोजच्यासारखं 'उद्या येते' मात्र म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मधल्याने टीव्ही लावला नाही. पुस्तक चाळलं, प्लास्टरच्या आत पट्टी घालून खाजवलं, खाली फोन करून बायकोला विचारलं की कुठली फ्रेम दाखवतेयस, आणि बोलणी खाल्ली. दुपारी फोन वाजला. धाकट्याचा होता. एरवी तो कधी आपणहून करायचा नाही.

"दादा, ताईला बरं नाहीये का?"

"का रे?"

"सकाळी तिचा फोन आला होता."

मधल्याने मोडका पाय स्टुलावर नीट ठेवला. "काय म्हणाली?"

"कसा आहेस, वगैरे काही नाही. एकदम म्हणाली, वादळ आहे, संपेपर्यंत बाहेर पडू नकोस. काहीतरी गरम करून खा. आणि ठेवलाच. दादा, इथे लख्ख ऊन पडलंय. आठवडाभर ढगसुद्धा आलेला नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बरं, म्हणालो."

पलीकडे काहीतरी खदखदत होतं. भांड्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला.

"कुठे आहेस आत्ता?" मधल्याने विचारलं. "ऑफिसात ना?"

"नाही. घरीच," धाकटा म्हणाला. "रजा टाकली आज. थांब जरा, सूप उतू जातंय."